लाईट आल्यानंतरचे दोन सेकंद

डिसेंबरचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा. धुळ्याबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगचं प्रेस हाऊस, गाठी बांधायची जागा. हजर: मी, आमचा प्रोग्रामर, जिनिंगचे मॅनेजर आणि प्रेसचे मिस्त्री, ज्यांना तिथे सगळे नाना म्हणतात. गैरहजर: मालक, बाहेरगावी. कामाचं कारण: स्क्रीनवरचा आकडा पुसट; शिवाय लाईट आल्यावर ट्रॅम्पर वाकतो.

त्या दिवसाचं पान माझ्या वहीत असं सुरू होतं. कुठेही कामाला गेले की मी आधी तारीख आणि हजेरी लिहिते, बाकीचं नंतर. पुढे वाद झालाच तर कोण होतं आणि कोण नव्हतं एवढं तरी नक्की असावं म्हणून. त्या दिवशी वाद होईल असं वाटत नव्हतं. मॅनेजरांनी फोन केला होता तो स्क्रीनवरचा गाठींचा आकडा पुसट दिसतो म्हणून. फोन ठेवता ठेवता ते हसत म्हणाले होते की आणखी एक गंमत आहे, लाईट आली की तुमचं मशीन आम्हाला नमस्कार करतं. ते वाक्य मी वहीत उतरवलं आणि त्याखाली रेघ मारली. का मारली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

जळगावच्या एमआयडीसीत आमचं एक शेड आहे. मशीन चालवणारी कंट्रोल कार्डं आम्ही तिथे बनवतो. माणसं पाच. मी पिंप्राळ्याहून स्कूटरने साडेआठला पोचते, कुलूप उघडते आणि दिवसाची यादी फळ्यावर लिहिते. प्रोग्रामर नऊला येतो. चाळिशीचा, अबोल माणूस. कुणी प्रश्न विचारला की चहाचा कप तोंडाला लावतो, आणि उत्तर तयार झालं की खाली ठेवतो. कप खाली आला की ऐकायचं, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्यांनी रुईची गाठ बांधताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. सरकी काढलेली रुई एका उंच लोखंडी पेटीत पडते. ती फुगलेली असते, म्हणून वरून एक लोखंडी पाय खाली येऊन तिला पुन्हा पुन्हा कोंबतो. तो पाय म्हणजे ट्रॅम्पर. पेटी भरली की मोठा दट्ट्या तिला दाबतो आणि गाठ बांधतात. ट्रॅम्परचं वजन दोन बैलांएवढं सहज असेल. काम नसतं तेव्हा तो पेटीच्या तोंडावर वर टांगलेला राहतो. त्याला वर धरून ठेवतं ते पाइपातलं तेल, आणि ते तेल सुटू न देणारा एक व्हॉल्व्ह. दुसरं काही नाही.

हा पाय नेमका किती वर आणि किती खाली आहे हे मोजणाऱ्या पट्ट्या सेकंदाला हजारो ठोके देतात. साध्या कंट्रोलरच्या हातून त्यातले काही सुटतात. म्हणून आम्ही कार्डावर प्रोग्राम करता येणारी लॉजिक चिप बसवली. ही चिप येते तेव्हा कोरी असते. आतल्या हजारो जोडण्या कशा करायच्या हे तिला बाहेरून सांगावं लागतं, आणि सांगितलं की ती आपल्याला हवं ते यंत्र बनते. पण लाईट गेली की सगळं विसरते. प्रत्येक वेळी. लाईट आली की तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

एरवी तिच्या शेजारी एक छोटी मेमरी लावतात. चिप जागी झाली की स्वतःच त्यातून वाचून घेते. आदल्या वर्षी ती मेमरी मिळेना. पुरवठा करणारा म्हणाला, दोन महिने तरी लागतील. प्रेस दिवाळीपर्यंत चालू व्हायला हव्या होत्या. कार्डावर स्क्रीन आणि बटणं सांभाळायला एक लहान कंट्रोलर होताच, आणि त्याच्याकडे जागाही शिल्लक होती. मी म्हटलं, मग त्यालाच हे काम द्या, तोच चिपला भरवेल. प्रोग्रामरने कप खाली ठेवला. म्हणाला, होईल, पण वेळ जास्त लागेल. किती? अर्धा सेकंद.

"अर्ध्या सेकंदाने कुणाचं काय बिघडतंय," असं मी म्हटलं होतं. शब्द माझेच आहेत.

शेडमध्ये त्या लहान कंट्रोलरला आम्ही वाढपी म्हणू लागलो. काम तसंच होतं. लाईट आली की तो आधी चिपचं ताट रिकामं करायला सांगायचा. चिपने तयार आहे असं कळवलं की एकेक घास, एका ठोक्याला एक, असे लाखो घास ओळीने वाढायचा. पोट भरलं की चिप एक तार वर करायची. त्या तारेवर आम्ही हिरवा दिवा लावला होता आणि त्याच्याखाली 'झालं' असं छापलं होतं. मध्येच एखादा घास खराब गेला तर चिप दुसरी तार खाली ओढायची, आणि वाढपी सगळं टाकून पुन्हा पहिल्या घासापासून सुरू करायचा. असं किती वेळा करायचं हे प्रोग्रामरने मला विचारलं होतं. मी पाच म्हटलं. पाच हा आकडा बरा वाटला, एवढंच.

धुळ्याला पोचलो तेव्हा जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. हवेत रुईचे तंतू उडत होते. मॅनेजरांनी चहा मागवला आणि पुसट आकड्याचं काम प्रोग्रामरने पाच मिनिटांत उरकलं. मग मी वहीतलं रेघ मारलेलं वाक्य वाचून दाखवलं. मॅनेजर पुन्हा हसले. खाली पडलेली रुई वेचणाऱ्या बायका आता ट्रॅम्परला उलट हात जोडतात, असं म्हणाले. नाना शेजारीच प्रेसला टेकून उभे होते. साठीच्या आसपासचा, काटक माणूस, भुवयांतसुद्धा रुई.

"ताई, तुमनं मशीन भलतं संस्कारी शे," ते म्हणाले. "लाईट उनी का पहिले रामराम करस, मंग कामले लागस."

मीही हसले. मग विचारलं, वाकतो म्हणजे किती. नानांनी चार बोटं आडवी धरून दाखवली. मग थोडा विचार करून वीत दाखवली. कव्हय कव्हय, म्हणाले, म्हणजे कधी कधी.

प्रोग्रामरने कप खाली ठेवला. ट्रॅम्परकडे बघत राहिला.

लाईट गेल्यावर इथे काय करता, हा माझा पुढचा प्रश्न होता. उत्तर मॅनेजरांनी दिलं, आणि त्यात अभिमान होता. लाईट दिवसातून दोन-तीनदा जाते, जनरेटर फक्त ऑफिस आणि वजनकाट्यापुरता आहे, पण त्यांच्याकडे एक मिनिट वाया जात नाही. ट्रॅम्परच्या कडांना आणि पेटीच्या तोंडाला रुई अडकून बसते. हंगामात ती काढायला प्रेस थांबवणं परवडत नाही, म्हणून लाईट गेली की साफसफाई. नाना फळीवर चढतात, पेटीच्या तोंडातून कंबरेपर्यंत आत वाकतात आणि दोन्ही हातांनी रुई ओढून काढतात. ट्रॅम्पर तेव्हा बरोबर त्यांच्या डोक्यावर असतो. या भागातल्या सगळ्याच जिनिंगवर अशीच पद्धत आहे, मॅनेजर म्हणाले.

आत जायच्या आधी लाल बटण दाबता का, मी विचारलं.

नानांना प्रश्न बालिश वाटला असावा. "लाईट नही म्हंजे मशीन मरेल शे, ताई. मरेलले काय मारनं?"

मेलेल्याला काय मारायचं, हे त्यांचं म्हणणं जुन्या पॅनेलवर अगदी बरोबर होतं. जुन्या पॅनेलला लाईट आल्यावर कुणीतरी हिरवं बटण दाबावं लागे, त्याशिवाय काहीच हलत नसे. आमच्या पॅनेलवरही मोटरसाठी हिरवं बटण होतं. व्हॉल्व्हसाठी नव्हतं. व्हॉल्व्हला लाईट आली की लगेच पुरवठा मिळत होता. मोटर बंद असताना व्हॉल्व्ह काय करणार आहे, असा आमचा हिशेब होता. ट्रॅम्परला खाली यायला मोटर लागत नाही, वजन पुरतं, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ते डोक्यात येत होतं आणि मी वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली होती, तेवढ्यात लाईट गेली.

जिनिंगचा आवाज एकदम बंद पडतो तेव्हा कान दुखल्यासारखे होतात. पत्र्यावरची कबुतरं ऐकू यायला लागली. मी पेनला टोपण लावेपर्यंत नानांनी चपला काढल्या होत्या, फळीवर पाय ठेवला होता आणि त्यांचं अर्धं शरीर पेटीच्या तोंडातून आत गेलं होतं. इतक्या सहज, जसं कुणी खिडकीतून वाकून बघावं.

"त्यांना बाहेर काढा," प्रोग्रामर म्हणाला. हळू आवाजात, पण मी त्याचा तो आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "नाना, बाहेर या. आत्ता."

आतून घुमून आवाज आला, "इतली रुई काढी लेस न येस."

मॅनेजर मला समजावू लागले. मॅडम, घाई नाही, गेली की अर्धा तास तरी येत नाही, यायच्या आधी वायरमनचा मला फोन येतो. त्यांनी खिशातून फोन काढून मला दाखवलाही. मी फळीवर चढले. माझ्यापेक्षा मोठ्या माणसाचा सदरा चारचौघांत धरून ओढणं मला कधी जमलं नसतं, पण मी तो धरला आणि ओढला. नाना बाहेर आले. चिडले होते. हातात रुईचा पुंजका, केसांत रुई. खाली बायकांच्यात कुणीतरी खुदकन हसलं. नाना सांगू लागले की तीस वर्षं ते हे काम करत आहेत आणि त्यांना आजवर कुणी...

तेवढ्यात वरची ट्यूब लुकलुकली.

लाईट नीट आली नाही. आली, मंद झाली, पुन्हा आली, पुन्हा मंद झाली. हंगामात तिकडे अशीच येते, सगळीकडच्या मोटरी एकदम सुरू होतात. आमच्या प्रेसची मोटर बंदच होती. कसलाही आवाज नव्हता. फक्त पाइपातून तेल सरकल्याचा, कुणी दमून श्वास सोडावा तसा आवाज झाला, आणि ट्रॅम्पर खाली आला. चार बोटं नाही, वीतही नाही. मधल्या बोटापासून कोपरापर्यंत हात धरला तर तेवढा. मग पॅनेलवरचा 'झालं' हा हिरवा दिवा लागला आणि ट्रॅम्पर जागच्या जागी थांबला.

उलट हात कुणी जोडले नाहीत.

नानांनी आधी ट्रॅम्परकडे पाहिलं, मग हातातल्या पुंजक्याकडे. मग माझ्याकडे.

"हाई रोजनं शे का, ताई?"

हो म्हणावं लागलं. कव्हयपासून, त्यांनी विचारलं. आमचं पॅनेल लागल्यापासून, मी सांगितलं. त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत काहीतरी मोजलं. आकडा सांगितला नाही. फळीवरून उतरले, नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

पुढचा तास मॅनेजरांनी आम्हाला दिला. प्रेसभोवती दोन माणसं उभी करून मी सगळ्यांना लांब ठेवलं. प्रोग्रामरने तारा जोडल्या, लॅपटॉप उघडला, आणि आम्ही पॅनेलचा पुरवठा नऊ वेळा बंद करून चालू केला. सहाव्या वेळेनंतर त्याला बघायची गरज नव्हती. तरी त्याने नऊ पूर्ण केले. मी प्रत्येकाची नोंद घेतली.

कारण साधं होतं. चिप कोरी असते तेव्हा तिचे पाय, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या पिना, मोकळे नसतात. ती ते आतून हलकेच वर ओढून धरते. आमच्या व्हॉल्व्हच्या सर्किटला 'वर' म्हणजे 'उघड' असं वाटत होतं. शेडमध्ये स्वच्छ पुरवठ्यावर हा प्रकार अर्ध्या सेकंदात संपायचा. इथे लाईट मंद झाली की वाढपीचा घास खराब जात होता, चिप तक्रार करत होती, वाढपी ताट रिकामं करून पहिल्यापासून वाढत होता, आणि प्रत्येक खेपेला चिप पुन्हा कोरी. पाच खेपा. दोन सेकंद, कधी थोडे जास्त. तेवढा वेळ ट्रॅम्परला कुणीही धरलेलं नसायचं.

"मला माहीत होतं, ताई," प्रोग्रामर म्हणाला. मी विचारलं, काय माहीत होतं. "कोऱ्या चिपचे पाय वर ओढलेले असतात हे. चिपच्या पुस्तकात सुरुवातीलाच दिलंय. मी वाचलंय ते. पण त्या पायाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, ते बघायला मी इथे कधी आलोच नाही."

तेव्हा माझ्या हातात तपासणीचा कागद होता. प्रत्येक कार्ड शेडमधून निघायच्या आधी त्यावर चौदा मुद्दे तपासले जातात. यादी मी केलेली, अक्षर माझं. टेबलावर तपासताना तिन्ही व्हॉल्व्हच्या जागी आम्ही एकेक छोटा दिवा लावायचो; दिवा लागला म्हणजे व्हॉल्व्ह उघडला. मुद्दा सात असा होता: चालू करताच तिन्ही दिवे क्षणभर लागून विझतात, ठीक.

पहिल्या कार्डाच्या वेळी ते दिवे लागले तेव्हा प्रोग्रामरने विचारलं होतं, हे बघायचं का. मी पाच-सहा वेळा चालू-बंद करून पाहिलं. दर वेळी लागत होते, तिन्ही, न चुकता. जे दर वेळी न चुकता होतं ते बरोबर, असं मी धरलं आणि यादीत घातलं. पुढच्या प्रत्येक कार्डावर मी ते दिवे लागायची वाट पाहिली आणि लागल्यावर बरोबरची खूण केली. एखाद्या कार्डाचे दिवे लागले नसते तर मी ते खराब म्हणून बाजूला काढलं असतं.

तो कागद मी प्रोग्रामरला दाखवला. त्याने वाचला आणि घडी करून परत दिला.

दुरुस्ती मोठी नव्हती. धुळ्याच्या एसटी स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथे हवे ते रेझिस्टर मिळाले. चिपच्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या तिन्ही पायांना खाली ओढून धरणारा एकेक रेझिस्टर जोडायचा, चिपच्या ओढीपेक्षा याची ओढ जास्त. आणि एक रिले, म्हणजे हिरवं बटण दाबल्याशिवाय व्हॉल्व्हला पुरवठाच मिळू नये. पण त्यासाठी प्रेस संध्याकाळपर्यंत बंद ठेवावी लागणार होती, आणि मॅनेजरांचा धीर सुटत चालला होता. गाड्या रस्त्यावर आल्या आहेत, पोलिसांचा फोन येईल, आज फक्त साफसफाई करत नाही, काम तेवढं चालू देऊ, तुम्ही रविवारी या. मालकांना त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. मालकही म्हणाले, रविवारी.

मी नाही म्हणत होते आणि माझं तिथे कुणी ऐकायला बांधील नव्हतं. ऐकलं गेलं ते नानांमुळे. ते नळावरून आले, प्रेससमोरच्या फळीवर बसले आणि पाय खाली सोडले.

"मालकले सांगा, नाना बठेल शे," ते म्हणाले. "ताईनं व्हई जाऊ द्या. मंग उठस."

प्रेस चालवता येणारा दुसरा माणूस तिथे नव्हता. मॅनेजर गाडीवाल्यांशी बोलायला निघून गेले.

साडेपाचला आम्ही पुरवठा अकरा वेळा बंद-चालू केला. मुद्दाम मंद करूनही पाहिला. वाढपीने पाच खेपा केल्या, चिप कोरी राहिली, पण ट्रॅम्पर हलला नाही. नाना फळीवरून उठले, जवळ आले आणि खालून वर बघत राहिले. त्यांनी दुपारीच कुणाकडून तरी बाभळीचा एक जाड ओंडका कापून आणवला होता. तो त्यांनी पेटीच्या कडेवर, ट्रॅम्परखाली उभा केला, ठोकून घट्ट बसवला आणि मगच हात आत घातला. मला म्हणाले, "तुमनं तुम्ही करं, मनं मी करस." त्यात राग नव्हता. विश्वासही नव्हता. मला ते पटलं, आणि ओंडक्याची गोष्ट मी यादीत लिहिली.

परतताना पारोळ्याला गाडी थांबवून मी वहीत दुसरं पान काढलं. वाढपीने भरवायची कार्डं आम्ही एकूण पाच केली होती. एक धुळ्याचं, झालं. एक शेडच्या कपाटात पडून होतं. एक अमळनेरच्या तेलमिलमध्ये. एक नशिराबादजवळच्या जिनिंगवर. आणि एक तापीकाठच्या एका जिनिंगवर. गाडीतूनच फोन लावले. सांगायचं एकच होतं: लाईट गेली की आधी लाल बटण दाबा, आत कुणी हात घालायचा नाही, आम्ही येतोय. अमळनेरला फोन लागला, नशिराबादला लागला. तापीकाठचा नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू आलं.

बुधवारी अमळनेर केलं, गुरुवारी नशिराबाद. अमळनेरच्या ऑपरेटरने सांगितलं की हो, लाईट आली की दट्ट्या खाली सरकतो, पण त्याला वाटलं होतं की कार्ड स्वतःची तपासणी करून घेतंय, तसं मुद्दामच केलेलं असणार. नशिराबादला तर त्यांनी उपायही शोधला होता. साफ करताना खाली वीट ठेवायचे. वीट दोनदा फुटली होती. मी विचारलं, मग आम्हाला का नाही कळवलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. मशीन तर चांगलं चाललं होतं.

तिन्ही ठिकाणी सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळ्यांच्या आधी मी पाहिलं होतं.

शुक्रवारी मी तापीकाठी गेले. फाटकाला कुलूप होतं. आवारात कमरेएवढं गवत, वजनकाट्याच्या खोलीत शेळ्या. राखणदार म्हणाला, मालकांनी होळीनंतरच बंद केलं. प्रेस पावसाच्या आधी विकली गेली, ट्रेलरवर चढवून नेली. पॅनेल? पॅनेलसकट. दरवाजा उघडा राहू नये म्हणून त्याने स्वतः सुतळीने बांधून दिला होता, हे त्याने कौतुकाने सांगितलं. कुणी नेली ते त्याला माहीत नव्हतं. एक दलाल आला होता.

त्याला आता दोन हंगाम होऊन गेले. त्या दलालाने दुसऱ्या दलालाचं नाव सांगितलं, दुसरा म्हणाला माल नंदुरबारकडे गेला, तिसऱ्याने गुजरात सांगितलं. कार्डाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात सूचना असा कागद मी मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत करून घेतला आणि जिनिंगवाल्यांच्या जेवढ्या फोन-ग्रुपांवर शिरता आलं तेवढ्यांवर टाकला. खाली हात जोडल्याची चित्रं आली. माहिती आली नाही. शेडमधल्या यादीतला मुद्दा सात मी बदलला आहे: चालू करताना एकही दिवा लागता कामा नये. प्रोग्रामर आता कार्ड बसतं त्या प्रत्येक ठिकाणी स्वतः जातो, आणि लाईट गेल्यावर तिथली माणसं काय करतात हे उभं राहून बघतो. पण हे सगळं पुढच्या कार्डांसाठी. त्या एका कार्डाला यातलं काही लागू नाही. ते जिथे असेल तिथे रोज दोन-तीनदा कोरं होतं, आणि त्याच्याखाली कोण वाकतं हे मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात एका जुन्या फिटरने सांगितलं की त्या वर्णनाची प्रेस त्याने सेंधव्याकडे पाहिली आहे. तिकडच्या तीन जिनिंगचे नंबर मी मिळवले. पहिल्या दोघांनी पॅनेल उघडून बघितलं, आमचं कार्ड नाही. तिसऱ्या ठिकाणी मी आज सकाळी अकरा वाजता फोन केला. मुनीमजींनी उचलला, हिंदीत बोलत होते, माणूस सभ्य. प्रेस जुनी घेतलेली आहे, महाराष्ट्रातून आली, दोन वर्षं झाली, पॅनेल बरोबरच आलं, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, दार उघडून कार्डाच्या कोपऱ्यातला नंबर वाचून दाखवा. ते म्हणाले, ते आपल्याला कळत नाही, प्रेसवाल्याला विचारावं लागेल, पण तो आता यायचा नाही, लाईट गेली आहे आणि तो आत सफाई करतोय.

मी म्हटलं, त्याला आधी बाहेर बोलवा. फोन चालू ठेवा आणि आत्ता हाक मारा. ते बरं म्हणाले. टेबलावर फोन ठेवल्याचा आवाज आला, मग लांब जाणाऱ्या चपलांचा. मग फोन कट झाला. त्यानंतर मी सात वेळा लावला. रिंग जाते, कुणी उचलत नाही. तिकडे काही झालं असेल असं नाही. लाईट आल्यावर जिनिंगमध्ये फोन ऐकूच येत नाही, हे मला माहीत आहे.

प्रोग्रामर गाडी काढतोय. रेझिस्टर, रिले, सोल्डरिंग, ओंडक्यासाठी करवत, हे सगळं पिशवीत भरलं आहे. सेंधव्याला पोचायला दुपार उलटून जाईल.

कार्ड पाच (तापीकाठ): नंबर पडताळणे, बाकी.